धोंड्याला कॉबलर

दुपारी डबा उघडला तेवढ्यात फोन वाजला आणि पलीकडून ऋतिका बोलली. म्हणजे ऋतिका नव्हे. ऋतिकाला जाऊन दोन वर्षं होत आलीत. तिची आई बोलली, चुडाव्याहून. पण फोनवर या मायलेकींचा आवाज इतका सारखा यायचा की ऋतिका असतानाही मी फसायचो. सासूला "अगं, येताना दूध आण" म्हणून बसायचो, आणि ऋतिका शेजारी उभी राहून पोट धरून हसायची. आता शेजारी ऑफिसातला दत्तराव होता आणि तो वरणात भात कालवत होता. "जावईबापू, कामात तर न्हाई न्हवं?" मामी म्हणाल्या. सासूला मी मामी म्हणतो, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. म्हणालो, नाही, बोला. "धोंड्याला यायचंय बरं का. अधिक लागलाय. अन् आणिक एक, ते पीचचं कसं करायचं तेवढं सांगा. दर येळंला तिला इचारायचे, म्हून ध्यानातच ठिवलं न्हाई. आता इचारावं कुणाला?" मी म्हणालो, बघून सांगतो. फोन ठेवला तेव्हा पोळीचा तुकडा हातात तसाच होता आणि भाजीचं तेल मनगटावर उतरलं होतं.

मला रडू वगैरे काही आलं नाही. आधी राग आला. डोंबलाचा कॉबलर, असं मनात म्हणालो. सासूनं जावयाला फोन करून गोडाचं कसं करायचं ते विचारायचं, ही कुठली तऱ्हा? आणि मला तरी काय ठाऊक? मी तो फक्त खाल्लाय. दत्तरावनं भुवया उडवून "कोण?" असं विचारलं, मी "गावाकडचे" म्हणून टाकलं. खरं तर माझं गाव सेलू. सेलूत आमचं दुकान आहे, आई आहे, भाऊ आहे. चुडावा तिचं. पण दोन वर्षांत सेलूला गेलो की सगळे ऋतिकाचं नाव आवाज उतरवून घेतात, घरात कुणी झोपलेलं असावं तसं. चुडाव्यात घेत नाहीत. तिथं तिच्यावर अजून चिडतात, "ही कार्टी सांडशी कुठं ठिवून गेली की" असं म्हणतात. दोन वर्षं झाली तरी त्या सांडशीचा पत्ता नाही आणि आळ तिच्यावरच आहे. मला ते ऐकायला बरं वाटायचं. तेवढ्यासाठी मी हैदराबादेहून गाडी पकडून जायचो, आणि कुणी विचारलं तर म्हणायचो, म्हातारा-म्हातारीला एकटं वाटतं ना.

संध्याकाळी आईला फोन केला. धोंडा म्हणजे लेक-जावयाचा मान. तीनेक वर्षांनी अधिक महिना येतो, तेव्हा दोघांना बोलावतात, पाटावर बसवून ओवाळतात, पुरण भरलेले धोंडे वाढतात, कपडे करतात. दोघांना. लेक नसेल तर उरलेला एकटा जावई त्या रिवाजात बसतो की नाही, हे मला माहीत नव्हतं. आई म्हणाली, "लेकच न्हाई तर धोंडा कशाचा? पण बोलवायलेत तर जा. अन् जायलास तर ते बी सांगून ये. दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर लय वंगाळ दिसंल." ते म्हणजे राजेश्री. ती सेलूला शाळेत शिकवते, तिचं पहिलं लग्न मोडलेलं आहे, आणि आमचं जमलेलं आहे. दोनदा भेटलो. दुसऱ्या भेटीत तिनं विचारलं, गोड काय आवडतं? मी म्हणालो, काहीही. ती म्हणाली, "काहीही म्हंजे काय? आमच्याकडं काहीही म्हणणाऱ्याला शिरा देतात." मला हसू आलं. ती मला आवडली, हे मी कुणाला बोललो नाही. स्वतःशी बोलायलाही कसंतरी वाटायचं, पण आवडली. अधिकात लग्नं लागत नाहीत म्हणून तारीख अधिकानंतरची धरली. म्हणजे मधे हा एक महिना उरला होता, चुडाव्याचा जावई म्हणून माझा शेवटचा, आणि नेमका त्याच महिन्यात धोंडा.

प्रश्न एवढाच होता की सांगायचं कधी. ओवाळण्याआधी सांगावं, तर मामींनी मांडलेला पाट, आणलेले कपडे, सगळं तसंच राहील, आणि ती बाई गावासमोर तोंडघशी पडेल. ओवाळून, जेवून, कपडे घेऊन मग सांगावं, तर मी भामटा. न सांगता यावं, तर सेलू-चुडावा अंतर ते किती! चार दिवसांत बाजारातून कुणीतरी बातमी पोचवणारच. दोन्हीकडून बोंब. आणि या सगळ्याच्या तळाशी जे होतं ते फार साधं होतं. मला ते घर सोडायचं नव्हतं. सांगितलं की ते सुटणार, असं मी धरून चाललो होतो. मी त्यांच्या जागी असतो तर अशा माणसाला दाराशीही उभं केलं नसतं.

तो कॉबलर त्या घरात शिरला तो माझ्यामुळे. मला पुरण जात नाही. लहानपणापासून घशाशीच अडकतं. सेलूत सगळ्यांना माहीत, कुणी वाढत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याला मी एक घास घेतला आणि बाकीचं ताटात तसंच ठेवलं. जावयानं धोंडा टाकला! दाराशी गल्लीतल्या बायका उभ्या होत्या, मामींचं तोंड एवढंसं झालं. तेव्हा ऋतिका ठसक्यात म्हणाली, "आई, ह्यांना पुरण चालत न्हाई. ह्यांना पीचचा कॉबलर लागतो." लागतो! जसा काही मी पाळण्यापासून तोच खात होतो. प्रत्यक्षात आमच्या छोट्या ओव्हनमध्ये तिनं तो विलायती प्रकार तोवर एकदोनदाच केला होता, ऑफिसातल्या कुण्या मैत्रिणीकडून शिकून. पण त्या खेपेला आम्ही पीचची पेटी नेली होती, नवं फळ म्हणून, आणि गावात ते कुणी खात नव्हतं. शेजारची झुंबरबाई म्हणाली होती, "गोड बी न्हाई, आंबट बी न्हाई, अन् अंगाला लव. हे फळ हाय का उंदराचं पिल्लू?" मग ऋतिकानं त्याच संध्याकाळी कुकर काढला. त्याचं रबर आणि शिट्टी काढली, तळाला जाड मीठ पसरलं, वर जाळी ठेवली आणि तो रिकामाच तापवला. एका डब्यात साखर-दालचिनी लावलेल्या पीचच्या फोडी घातल्या, त्यांवर मैदा-लोण्याचे ओबडधोबड गोळे सोडले, आणि डबा आत ठेवला. मी दोनदा मागून घेतला. मामी दाराआडून बघत होत्या.

पुढच्या खेपेला आम्ही पोचायच्या आधी त्यांनी शहरातून पीच मागवून स्वतःच करून ठेवला होता. गल्लीला सांगून केला होता. पण रिकामा कुकर गॅसवर ठेवायचा असतो, हे त्यांच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. आयुष्यभर लेकीला, शेजारणींना एकच ओरडत आल्या होत्या, कुकरात पाणी घातलं का? मीठ घातलेलं त्यांनी पाहिलं होतं, तर पाण्यात मीठ घालायचं असेल असं धरलं. तांब्याभर पाणी, मूठभर मीठ, रबर, शिट्टी, आणि दोन शिट्ट्या. वर झाले ते पांढरेफटक, गिळगिळीत गोळे, खाली पीचचं पाणी. साखरेऐवजी गूळ, दालचिनीच्या जोडीला वेलची. ऋतिकानं ताटाखालून मला चिमटा काढला आणि नंतर मागच्या दाराशी सांगितलं, "खबरदार आईला काही बोललात तर. आख्ख्या गल्लीत मिरवलंय तिनं." मी खाल्लं. फर्स्ट क्लास म्हणालो. मग उन्हाळ्यात जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा ते वाढलं गेलं आणि मी तेव्हा तेव्हा फर्स्ट क्लास म्हणालो. मामी करण्याआधी लेकीला फोन करायच्या, ती साखर किती, लोणी किती सगळं सांगायची, पाण्याचं तेवढं सांगायची नाही. फोन ठेवला की आम्ही दोघं हसायचो. आमच्या संसारात आम्ही दोघांनी मिळून केलेल्या फार गोष्टी नव्हत्या, त्यातली ही एक होती.

घराजवळचा म्हातारा फळवाला पीचला शफ्तालू म्हणतो. "मीठे हैं क्या?" विचारलं तर म्हणाला, "मीठे नक्को पूछो साब, पकाके खाओ." मी कडक बघून निवडले. गाडीत पिशवी मांडीवर घेऊन बसलो, वर ठेवली तर दबतील म्हणून. त्यांचा वास हळूहळू डब्यात पसरला. समोरच्या बाईनं दोनदा पिशवीकडे बघितलं. फोनवर मी कृती शोधत होतो. कुकरात करायची कृती सांगणारी एक मुलगी पुन्हा पुन्हा बजावत होती, पाणी अजिबात घालायचं नाही, अजिबात. मी आवाज बंद केला. ऋतिका गेली ती तापानं. साध्या तापासारखा ताप होता, मग नव्हता, आणि मग डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलायला लागले. त्या दिवसांतलं मला फार आठवत नाही. आठवतं ते भलतंच. दवाखान्याच्या कँटीनमध्ये मला फार भूक लागली होती आणि मी चारचार इडल्या खात होतो. मामी बाकड्यावर बसून माझ्याकडे बघत होत्या आणि म्हणत होत्या, खा, खा. पूर्णेला उतरलो, पॅसेंजरला वेळ होता, फलाटावर चहा घेतला. तोंडात वाक्य तयार करत होतो. "मामी, एक सांगायचं होतं." हे ठीक होतं. पुढचं जमत नव्हतं.

माझे सासरे, सिताराममामा, ओट्यावर बसले होते. ते मुळात कमी बोलतात आणि लेक गेल्यापासून आणखी कमी. "आलात," म्हणाले. "आलो," म्हणालो. मग दोघांनी मिळून समोरच्या नांगरून ठेवलेल्या रानाकडे बघितलं. भिंतीच्या पलीकडून झुंबरबाईचा आवाज आला, मुद्दाम ऐकू येईल असा, "लेक न्हाई अन् धोंडा! नवीनच रिवाज काढला म्हणायचा बायनाबाईनं." आतून मामींनी तेवढ्याच आवाजात उत्तर दिलं, "लेक मपली, जावई मपला, धोंडा मपला. तुझ्या घरून डाळ मागाय आले का मी?" मामा खाकरले. मला वाटलं, आत्ताच सांगावं मामांना, पुरुषाला पुरुषानं सांगणं सोपं. त्यांच्याकडे वळलो तर ते पायाला लागलेली माती नखानं काढत होते, अगदी मन लावून. राहिलं.

आंघोळ झाली. मधल्या खोलीत पाट मांडलेला होता, एकच. भिंतीवर ऋतिकाचा फोटो, कॉलेजातला, मला न आवडणारा. मामी नेहमीसारख्या स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहून बोलत होत्या, डोक्यावर पदर, नजर खाली. इतक्या वर्षांत त्या माझ्यासमोर कधी नीट बसल्याही नव्हत्या. "पुरणाचे धोंडे ह्यांच्यापुरते केलेत," म्हणाल्या. "तुमचं ते तेवढं ऱ्हायलंय. सांगा तितूनच, मी करते." मी फोन काढला, वाचायला लागलो, तर फोडी किती जाड, गोळे किती मोठे, हे दाराआडून सांगताच येईना. मी म्हणालो, "मामी, मीच येतो आत." त्या दचकल्या. "आवं, तुमी कामून? लोक काय म्हणतील?" पण मी तोवर आत जाऊन जमिनीवर बसलो होतो आणि विळीऐवजी चाकू मागत होतो. त्यांनी पदर आणखी पुढं ओढला, आणि मग दोन्ही हातांनी काम करायचं म्हटल्यावर तो मागं सरकला तो सरकलाच. मी त्यांचे केस पहिल्यांदा बघितले. पांढरे झालेत, आणि ऋतिकासारखेच कपाळावर भोवऱ्यात वळलेले आहेत. मी पीचकडे बघायला लागलो.

पीच गरम पाण्यातून काढले की साल हातानं निघते. बोटांना रस लागतो, चिकट, आणि बाठ फळाला सोडत नाही, पिळवटून काढावी लागते. मामी मैद्यात घरचं लोणी चोळत होत्या. "दालचिनी ज्यादा घाला," म्हणाल्या. "तिला लय आवडायची. ल्हान असताना डब्यातून चोरून नुस्ती चावायची, अन् तोंड भाजलं की रडत यायची मपल्याकडंच." हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं राहिलो एका घरात आणि दालचिनीचं माहीत नव्हतं. मला त्या दालचिनीचा हेवा वाटला, काय म्हणावं! म्हणालो, "मामी, एक सांगायचं होतं." "सांगा की." "गूळ नको, साखर घेऊ या का?" "घ्या की. साखरंला कोण न्हाई म्हणायलंय?" मी साखर घेतली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणालो, "मामी," आणि त्यांनी वर बघितलं, आणि मी म्हणालो की गोळे जरा लहान करा. त्या समजुतीनं हसल्या. त्यांना वाटलं असणार, बिचारा तिच्या आठवणीनं अडखळायलाय.

डबा भरला. वरचे गोळे एकमेकांना चिकटून बसले. त्यांनी कुकर गॅसवर ठेवला, मीठ घातलं, आणि तांब्या उचलला. मला गप्प बसता आलं असतं. इतकी वर्षं बसलोच होतो. पण माझा हात पुढं झाला आणि तांब्यावर गेला. मी म्हणालो, "पाणी नाही घालायचं, मामी."

"आं?"

"रिकामा ठेवायचा. नुसतं मीठ. रबर आणि शिट्टी पण काढायची. कोरडा तापवायचा."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. कुकरात वाकून बघितलं. मग म्हणाल्या, "मंग आतापतूर मी घालायचे ते?"

"तेव्हाही नको होतं."

"तिला ठावं होतं?"

"हो."

"अन् तुमाला?"

"हो."

"अन् तुमी खाल्लंत. दर बारीला. लय भारी झालंय म्हून खाल्लंत."

"चांगलं लागायचं, मामी."

"खोटं बोलू नका, जावईबापू," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "इतकी वर्सं मी गावात सांगत फिरले, मपल्या जावयाला मपल्या हातचं आवडतंय म्हून. अन् तुमी दोघं तिकडं हसायलात."

हसत होतो, हे खरं होतं. त्यांनी रबर काढलं, शिट्टी काढली, दोन्ही ओट्यावर शेजारी शेजारी ठेवलं, कुकर पेटवला. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "अजून काय काय सांगितलं न्हाई मला?"

हे त्यांनी ऋतिकाला विचारलं होतं की मला, कोण जाणे. बहुतेक तिलाच. तिनं आणखी काय लपवलं, दुखत असलेलं, खुपत असलेलं, एवढंच त्यांना हवं असणार. पण त्या खोलीत उत्तर द्यायला मीच होतो. मी म्हणालो, "माझं लग्न ठरलंय, मामी. अधिक झाल्यावर आहे." वाक्य फारच लहान निघालं. पूर्णेच्या फलाटावर ते केवढं मोठं होतं!

त्या वळल्या नाहीत. मिठाचा दाणा तळाशी तडतडला. मला त्यांचे खांदे दिसत होते आणि ते हलत नव्हते. मी वाट बघत होतो. कशाची ते लक्षात येत नव्हतं. रडण्याची, ओरडण्याची, चालते व्हा म्हणण्याची. वाटलं, पिशवी बाहेरच्या ओट्यावरच आहे, दुपारची पॅसेंजर मिळेल. असं अलिप्तपणे सगळं सुचत होतं.

त्यांनी चिमट्यानं डबा उचलला, जाळीवर ठेवला, झाकण लावलं. गॅस बारीक केला. मग माझ्यासमोर येऊन खाली बसल्या. "नाव काय तिचं?"

"राजेश्री."

"कुठली?"

"सेलूची. शाळेत आहे."

"माय हाय तिला?"

"आहे."

"बरं हाय," त्या म्हणाल्या, आणि मग एकदम त्यांचा चेहरा विस्कटला. पदर तोंडात कोंबून त्या रडल्या, हुंदक्यांशिवाय, पुढं-मागं हलत. मला काय करावं कळेना. सासूला हात लावायचा नसतो. मी पीचच्या साली गोळा करून एका ताटलीत ठेवत राहिलो, आणि बाठी दुसऱ्या ताटलीत. दारात मामा येऊन उभे राहिले होते. त्यांनी ऐकलं होतं. ते आत आले, माठातून पाणी घेतलं, भांडं मामींच्या हातात दिलं आणि पुन्हा बाहेर गेले. मामी पाणी प्यायल्या, त्यांनी तोंड धुतलं. भाजल्याचा वास यायला लागला होता, लोणी आणि दालचिनी. त्या घरात तो वास आधी एकदाच आला होता.

"लगीन अधिक झाल्यावर म्हणलात न्हवं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"म्हंजी अजून झालं न्हाई."

"नाही."

"मंग आज तुमी आमचेच हाव. उठा. पाटावर बसा."

"मामी, नका. गल्लीतल्या बायका..."

"बसा म्हणलं न्हवं!"

मी बसलो. मामांनी उंबऱ्यापाशी जागा घेतली. झुंबरबाई आणि आणखी दोघी दारात आल्याच, न येऊन सांगतात कुणाला! मामींनी तबक आणलं. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी माझ्यावरून उतरवली, निरांजन ओवाळलं. हात स्थिर होता. डोळे सुजलेले होते आणि त्या ते लपवत नव्हत्या. मग त्या बायकांकडे वळून म्हणाल्या, "बघून घ्या. हा बायनाबाईच्या जावयाचा शेवटचा धोंडा. जावईबापूचं लगीन ठरलंय, आपनहून मला सांगितलं त्यांनी. पुढला धोंडा त्यांच्या नव्या सासरवाडीचा. लोकाच्या घरचा जावई मी पळवायची न्हाई." झुंबरबाई दारातून एक पाऊल मागं सरली. असं मी तिला पहिल्यांदाच बघितलं. मांडीवर शर्ट-पँटचं कापड पडलं, वर नारळ. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त, हे संपू नये असं वाटलं. तबक खाली ठेवलं गेलं आणि ते संपलं.

बायका गेल्यावर मामींनी डबा आणला. गोळे वरून फार तांबूस नव्हते, कुकरात होतही नाहीत, पण कडेनं खरपूस होते आणि खाली रस दाट होऊन बुडबुडत होता. चमचा लावला तर कुरकुरला. त्यांनी मला वाढलं, मामांना वाढलं. मग दाराआड गेल्या नाहीत. स्वतःच्या वाटीत घेऊन माझ्यासमोर भिंतीला टेकून बसल्या आणि खायला लागल्या. मामांनी त्यांच्याकडे बघितलं, मग आपल्या वाटीत.

"कसं झालंय? खरं सांगा."

"आधीच्यापेक्षा चांगलं झालंय."

"हां," त्या म्हणाल्या. त्यांना ते लागलं आणि आवडलंही, दोन्ही चेहऱ्यावर दिसलं. आम्ही तिघं खात राहिलो. पॅसेंजरची वेळ जवळ येत होती आणि मला उठवत नव्हतं. जे विचारायचं होतं ते इतक्या दिवसांत मी स्वतःलाही नीट विचारलं नव्हतं. वाटीकडे बघत म्हणालो, "मामी, पुढं कधी मी आलो तर चालेल का?"

"कोण म्हून येताल?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच हवं होतं ते, गल्लीत कुणी विचारलं तर सांगायला, आणि स्वतःलाही. मी विचार केला. जावई म्हणून नाही, तो मान आत्ताच तबकाबरोबर उचलला गेला होता. ऋतिकाचा नवरा म्हणून, तर थोड्या दिवसांत मी दुसरीचा असणार. मुलगा म्हणून, असं म्हणता आलं असतं, लोक म्हणतात तसं. पण मी त्यांचा मुलगा नव्हतो, आणि आज आणखी एक गोड खोटं त्या बाईच्या वाटीत घालायची माझी छाती नव्हती. मामांचा चमचा थांबला होता.

"मला नाही माहीत, मामी," मी म्हणालो.

"मला बी न्हाई," त्या म्हणाल्या. पुढं वाकून त्यांनी माझ्या वाटीत आणखी वाढलं, मी नको म्हणत असताना, काठोकाठ. "तरी या."